दूषित इंजेक्शन घेतलेल्या पेशंटला शोधायचं कसं? आपल्या कोल्हापुरात जमेल का?

शाहूपुरीचा_फार्मासिस्ट
नमस्कार मंडळी. आमच्या औषधवाल्यांचं नुकतंच रिकॉलवर, म्हणजे खराब माल परत मागवण्यावर, एक ट्रेनिंग झालं, त्यात अमेरिकेतली २०१२ ची केस शिकवली. तेव्हापासनं डोक्यात एकच किडा वळवळतोय म्हणून धागा काढला.

थोडक्यात सांगतो. मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम गावात न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर नावाची फार्मसी होती. ते मिथाइलप्रेडनिसोलोनचं इंजेक्शन तयार करून देशभर पाठवायचे, तेच ते कंबरदुखीला मणक्यात देतात ते स्टेरॉइड. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नव्हतं, आणि तीन बॅचमध्ये बुरशी गेली. सुई थेट मणक्याजवळ, त्यामुळं बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचली. शेवटचा हिशोब झाला तेव्हा ७५३ पेशंट आणि ६४ मृत्यू.

मी अडकलो ते पुढच्या आकड्यावर. २३ राज्यांतल्या ७६ दवाखान्यांत मिळून जवळजवळ १४ हजार माणसांना ती इंजेक्शनं टोचली होती. २६ सप्टेंबरला बॅच परत मागवल्या आणि ऑक्टोबर संपायच्या आत त्यातल्या बहुतेक सगळ्यांशी निदान एकदा तरी बोलणं झालं होतं. १४ हजार!

आपल्याकडं नियमाप्रमाणं जीवघेणी बॅच असेल तर २४ ते ७२ तासांत बाजारातनं उचलायची असते. मान्य. मेल येतो, डिस्ट्रिब्यूटरचा पोरगा येतो, कपाटातला माल घेऊन जातो. पण जो माल टोचून झालाय त्याचं काय? मला दुकानात बॅच दिसते, माणूस दिसत नाही. एच-वन रजिस्टरला पेशंटचं नाव लिहितो पण त्यात ठराविक अँटिबायोटिक, टीबीची औषधं वगैरे, हे स्टेरॉइड त्यात बसतच नाही. मग उद्या असलं काही निघालं तर कोण कुणाला फोन करणार? अनुभव असेल त्यांनी लिहा.

तांबडा_पांढरा
आमच्या आजीला करून दाखवा फोन. अनोळखी नंबर दिसला की मोबाईल पालथा घालून ठेवते. ओटीपी मागतात म्हणे.

दुधाळीचा_पैलवान
मला वेगळंच वाटतं. १४ हजारातल्या साडेसातशे लोकांना झालं. म्हणजे बाकीच्या तेरा हजारांची फुकट झोप उडवली की. आमच्या तालमीत निम्म्या पोरांनी गुडघ्यात नाहीतर खांद्यात इंजेक्शन घेतलंय. फोन करून "तुमच्या सांध्यात बुरशी असंल" म्हटलं तर एक जण मॅटवर उतरायचा नाही. ज्याला त्रास होईल तो येतोय की दवाखान्यात.

सी_आर्म_वाला_डॉक्टर
पैलवान, तिथंच तर घोळ होता. मी भूलतज्ज्ञ, पेन क्लिनिक करतो, रोज मणक्यात इंजेक्शनं देतो, त्यामुळं ही केस आम्हाला पाठ आहे.

एक म्हणजे लक्षणं अगदी साधी. डोकं दुखतंय, थोडी मळमळ, मान जरा आखडली. कित्येकांना ताप नव्हता. मुळात हे कंबरदुखीचे पेशंट, त्यांना काही ना काही दुखतच असतं, डोकं दुखलं तर गोळी घेऊन झोपतात. काहींचं कळलं ते थेट मेंदूत स्ट्रोक झाल्यावर. इंजेक्शनपासून निदानापर्यंत साधारण दीड महिना, काहींना त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे "ज्याला त्रास होईल तो येईल" यावर बसला असता तर तो उशिरा आला असता, आणि ज्या डॉक्टरकडं आला असता त्याच्या डोक्यात बुरशी आलीच नसती. एक्झरोहायलम नावाची ही बुरशी, मेंदूज्वरात ती बघायची कुणाला सवयच नाही.

दुसरं म्हणजे फोन केला म्हणून सगळ्यांना औषध सुरू केलं असं नाही झालं. ज्यांना काहीच त्रास नाही त्यांना आधीच औषध देऊ नका, तपासायला पाठीतलं (मणक्यातलं) पाणीही काढू नका अशीच सूचना होती. कारण ते औषध, व्होरिकोनॅझोल, साधं नव्हे. लिव्हरवर जातं, काहींना भास होतात, आणि चालू केलं की किमान तीन महिने. फोनचा उद्देश एवढाच की माणसाला माहीत पाहिजे, आणि डोकं दुखलं तर त्यानं त्याच दिवशी यायला पाहिजे.

गुडघ्या-खांद्यात घेतलेल्यांचा धोका मणक्यापेक्षा कमी होता, हे खरं. तुमच्या तालमीला तेवढा दिलासा.

दुधाळीचा_पैलवान
बरं डॉक्टर. दिलासा पोचला.

सिस्टर_मंगळवारपेठ
मी बोलू का? पंधरा वर्षांवर वॉर्डात काढलीत, आता एका खाजगी हॉस्पिटलात रेकॉर्ड बघते. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही.

फोन करायचा म्हटलं तर नंबर लागतो. केसपेपरवर नंबर कुणाचा असतो माहितीय का? ज्यानं ॲडमिट करायला आणलं त्याचा. म्हणजे भाचा, शेजारी, गावचा सदस्य, एकदा तर रिक्षावाल्याचा निघाला. त्यानं सांगितलं "मी स्टँडवरनं सोडलं हो मावशींना, नाव पण माहीत नाही." सहा महिन्यांनी फोन केला तर निम्मे नंबर बंद, रिचार्ज संपला की लोक सिम बदलतात.

आणि नाव. "पाटील, वय ६०, कंबरदुखी." कोल्हापूर जिल्ह्यात शोधून दाखवा.

राजारामपुरी_गल्लीबोळ
सिस्टर 😂😂 पाटील, वय ६०, कंबरदुखी म्हणजे आमचे सासरे, दोन्ही चुलत सासरे आणि सोसायटीचा चेअरमन.

शाहूपुरीचा_फार्मासिस्ट
सिस्टर, अगदी बरोबर. आणि आमच्याकडं तर बिलावर "कॅश" एवढंच नाव. बॅच नंबर बिलावर छापतो कारण छापावाच लागतो, पण बिल नातेवाईक पिशवीत टाकतो, पिशवी घरी जाते, त्यातनं भाजी आणतात.

पुण्यात_कोल्हापुरी
ह्यात अवघड काय आहे? सगळ्या इंजेक्शनवर क्यूआर कोड, टोचायच्या आधी स्कॅन, पेशंटच्या आभा कार्डाला (सरकारी आरोग्य ओळखपत्राला) जोडा. रिकॉल आला की एक बटण दाबलं, सगळ्यांना मेसेज. आम्ही ऑफिसमध्ये यापेक्षा अवघड सिस्टिम एका स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या एका छोट्या टप्प्यात, उभ्या करतो.

तांबडा_पांढरा
आला पुणेकर. भावा तुझ्या स्प्रिंटमध्ये लाईट गेली तर काय करतोस?

सी_आर्म_वाला_डॉक्टर
त्याची चेष्टा करू नका, दिशा बरोबर आहे. २०२३ पासून ३०० नावाजलेल्या ब्रँडवर कोड छापणं सक्तीचंच झालंय. पण व्हायल (औषधाची छोटी बाटली) लहान असली की तो कोड डब्यावर. ओटीत (ऑपरेशन थिएटरात) डबा येत नाही, ट्रेमध्ये सुटी व्हायल येते, आणि एका व्हायलमधनं काही ठिकाणी दोन पेशंटना देतात (देऊ नये, पण देतात). इम्प्लांट बसवलं की त्याचा स्टिकर आपण केसपेपरला चिकटवतो, कुठल्याही ऑर्थोकडं बघा. औषधाच्या व्हायलचं लेबल चिकटवायची सवय नाही. स्टोअरच्या इंडेंटवर (मागणीच्या कागदावर) बॅच असते, ओटी रजिस्टरला पेशंट असतो, दोन्हीत दुवा नाही.

कोर्टकचेरी
सगळे टेक्निकल बोलताय, मूळ दुखणं कुणी बोलत नाही. हॉस्पिटल फोन करेलच का? फोन केला म्हणजे कबूल केलं की आमच्याकडं हे झालं. दुसऱ्या दिवशी नातेवाईक दारात, तिसऱ्या दिवशी ग्राहक आयोगात. वकील म्हणून सांगतो, माझ्याकडं असला क्लायंट आला असता तर त्याचा पहिला प्रश्न "न सांगून चालेल का" हाच असता.

अमेरिकेत निदान दोष कुठं होता ते लगेच ठरलं, फार्मसीचा. दवाखान्यांना "आम्हीही फसलो" म्हणता आलं, म्हणून याद्या पटापट निघाल्या. पुढं २०१७ ला मालकाला फसवणुकीच्या आणि रॅकेट चालवल्याच्या गुन्ह्यांत दोषी ठरवलं, खुनाच्या आरोपातनं मात्र सुटला. असल्या फार्मसींसाठी नवा कायदाही २०१३ ला आला. आपल्याकडं आधी डॉक्टरच्या काचा फुटतील मग बॅच तपासतील.

सी_आर्म_वाला_डॉक्टर
काचांचं बोललात ते मनाला लागलं, पण खोटं नाही. तरी सांगतो, माझ्या बाजूनं लपवणं जास्त महाग. पेशंटला दुसऱ्या डॉक्टरनं सांगितलं तर काचा नक्की फुटतात. मी स्वतः फोन केला तर शिव्या खाईन, पण तो माझ्याकडंच येईल.

आणि लक्षात घ्या, अमेरिकेतलं ते सगळं उघडकीला आलं ते टेनेसी राज्यातल्या एका डॉक्टरमुळं. पेशंटच्या पाठीतल्या पाण्यात बुरशी सापडली, असं व्हायला नको होतं, म्हणून राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं, १८ सप्टेंबर. आठ दिवसांत बॅच परत मागवल्या. एक केस बघून कळवलं! आपण "बघू अजून एखादी आली तर" म्हणून थांबलो असतो.

आशाताई_कागल_तालुका
नमस्कार, मी आशा कार्यकर्ती आहे. पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर समजून घ्या.

तुम्ही सगळे फोन फोन करताय. आमच्या गावात फोन लागायची वाट कोण बघतंय, मला नाव आणि गाव द्या, मी संध्याकाळपर्यंत माणूस उभा करून देते. कोविडमध्ये हेच केलं की. सकाळी सहाला दूध घालायला निम्मं गाव डेअरीवर असतं, तिथं उभी राहिले की कोण कुठल्या दवाखान्यात गेलं, कुणाच्या कमरेत सुई मारली, सगळं कळतं. म्हातारी माणसं दवाखान्याचं नाव सांगत नाहीत पण "स्टँडच्या मागचा, चष्म्यावाला डॉक्टर, वर चढायला जिना" एवढं सांगतात आणि ते पुरतं.

फक्त एक आहे. मला सांगायचं काय ते लिहून द्या. मागं एका साथीला नुसतं "सर्वे करा" म्हणून पाठवलं, लोकांनी विचारलं काय झालंय तर मलाच माहीत नाही. मग लोक म्हणतात हिलाच काही माहीत नाही, हिला काय सांगायचं. दार लावून घेतात.

राजारामपुरी_गल्लीबोळ
ताई काय भारी लिहिलंय. चष्म्यावाला डॉक्टर वर चढायला जिना 👌 मला पत्ता कळला पण.

दुधाळीचा_पैलवान
मग सरळ ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरनं सांगायचं की. घंटागाडीवर लावायचं रेकॉर्डिंग. "ज्यांनी अमुक महिन्यात कमरेत इंजेक्शन घेतलं त्यांनी..." खटक्यावर बोट जाग्यावर पलटी.

सिस्टर_मंगळवारपेठ
भोंग्यावर नको हो. कंबर-गुडघ्याचं ठीक आहे, पण उद्या बॅच दुसऱ्या कसल्या इंजेक्शनची निघाली म्हणजे? कुणी मूल होण्यासाठी इंजेक्शनं घेत असतं, सासूला माहीत नसतं. कुणी गुप्तपणे मानसोपचाराची घेतं. आणि भोंग्यावरनं ज्यांना ऐकायला पाहिजे ते ऐकत नाहीत, ज्यांचा संबंध नाही ते दहा जण दवाखान्यात रांग लावतात. मग खऱ्याला नंबर लागत नाही.

मिरज_पॅसेंजर
सरसकट सांगणंही कधी कधी बरोबर असतं पण. २०२५ चं ते खोकल्याचं कोल्ड्रिफ सिरप आठवा. मध्य प्रदेशात छिंदवाड्यात मुलं गेली, आपल्या एफडीएनंही (राज्याच्या औषध प्रशासनानं) त्या एसआर-१३ बॅचचा इशारा काढला. तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरलं म्हणून माझ्या बहिणीनं फ्रीजच्या दारातली बाटली बघितली, दुसरंच सिरप होतं, सुटलो.

शाहूपुरीचा_फार्मासिस्ट
मिरजकर, ते प्रकरण बुरशी-जंतूंचं नव्हतं, डायइथिलीन ग्लायकॉल होतं, विषच. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलात १९८६ ला ग्लिसरॉलमधनं तेच गेलं होतं, १४ पेशंट दगावले, चौकशीला लेंटिन आयोग बसला. म्हणजे चाळीस वर्षं आपण तेच रसायन गिरवतोय.

पण तुमच्या उदाहरणातनं मला एक गोष्ट सुचली. सिरपची बाटली घरात असते. आई लेबल वाचू शकते. २०२३ ला चेन्नईत बनलेल्या डोळ्यांच्या ड्रॉपमधनं अमेरिकेत सुडोमोनास जंतूचं इन्फेक्शन पसरलं, तिथंही तेच, बाटली लोकांच्या पर्समध्ये होती. असल्या वेळी टीव्ही, पेपर, व्हॉट्सॲप चालतं, कारण माणूस स्वतः तपासू शकतो. दवाखान्यात टोचलेल्या इंजेक्शनचं तसं नाही. त्याची बॅच पेशंटला कधी दिसलेलीच नसते. त्याला "अमुक बॅच घेतली असेल तर या" म्हणून काय उपयोग? त्याला दवाखान्यानंच जाऊन सांगायला पाहिजे, दुसरा मार्गच नाही.

निपाणीकर
आणि दवाखाना कोल्हापुरात, पेशंट कर्नाटकात, मग? आमच्या निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर भागातली माणसं मोठं काही असलं की कोल्हापूर गाठतात. खाली कणकवली, सावंतवाडीकडनं येतात ती वेगळी. तुमची आशाताई कागलच्या नाक्यापर्यंत, पुढं कोण? महाराष्ट्राच्या खात्यानं यादी केली तर ती बेळगावला पोचायला किती दिवस? बॉर्डरचा वाद मिटला तर यादी येईल म्हणा 😄

तांबडा_पांढरा
निपाणीकर तो विषय काढू नका, धागा पाचशे प्रतिसादांवर जाईल आणि इंजेक्शन बाजूला राहील.

पंचगंगेकाठी
याद्यांवर एक सांगतो. २०१९ च्या महापुरात आमच्या भागातल्या एका हॉस्पिटलचं रेकॉर्ड तळघरात होतं. पाणी उतरल्यावर केसपेपरचे गठ्ठे गच्चीवर वाळत घातले होते, दोऱ्या बांधून. निळी शाई सगळी उतरलेली, बॉलपेनचं तेवढं वाचता येत होतं. त्यातनं कुणाला शोधणार होता तुम्ही? रेकॉर्ड वरच्या मजल्यावर ठेवा, एवढं जरी केलं तरी बास.

पुण्यात_कोल्हापुरी
म्हणूनच क्लाउड म्हणतोय मी.

पंचगंगेकाठी
क्लाउडमधनंच पाणी आलं होतं बाबा.

तांबडा_पांढरा
😂😂😂 नाद खुळा. धागा वसूल.

कोर्टकचेरी
हसून झालं असेल तर सिस्टरांच्या मुद्द्यावर येतो. खाजगीपणाचं कारण पुढं करून यादी द्यायची नाही, असंही हॉस्पिटलवाले करतील. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे त्यात जिवाला धोका असेल किंवा साथ असेल तर उपचारासाठी माहिती वापरायला वाट ठेवलेली आहे. म्हणजे आरोग्य खात्याला यादी देणं आणि भोंग्यावर नाव घेणं या दोन टोकांत भरपूर जागा आहे.

दुधाळीचा_पैलवान
मान्य, भोंगा मागं घेतो. पण माझा प्रश्न आहे तिथंच आहे. एकदा फोन केला, माणूस म्हणाला बरा आहे, संपलं का?

सी_आर्म_वाला_डॉक्टर
चांगला प्रश्न विचारलात. नाही संपत. तिकडं अमेरिकेत पहिल्या फेरीत सगळ्यांना मेंदूज्वराची लक्षणं विचारली. नोव्हेंबर-डिसेंबरला कळलं की वेगळीच भानगड आहे, जिथं सुई टोचली तिथंच मणक्याजवळ पू होतोय. या लोकांनी आधीच्या फोनवर "बरा आहे, नेहमीचंच दुखतंय" सांगितलेलं. मिशिगनमधल्या एका हॉस्पिटलनं मग पेशंटना परत बोलावून १७२ जणांचे एमआरआय काढले, ३६ जणांचे बिघडलेले निघाले. म्हणून दुसरी फेरी करावी लागते, आणि प्रश्न बदलावे लागतात. "कंबर दुखते का" असं विचारून उपयोग नाही, ती दुखतेच म्हणून तर इंजेक्शन घेतलं. "आधीपेक्षा वेगळं दुखतंय का, जास्त दुखतंय का, झोपेतनं उठवतंय का" असं विचारायला पाहिजे.

औषधाच्या यादीचंही तसंच. आधी तीन बॅच म्हणाले, १५ ऑक्टोबरला अमेरिकेच्या एफडीएनं वाढवून त्या कंपनीची २१ मेनंतरची सगळीच इंजेक्शनं संशयात घेतली, डोळ्यांच्या आणि हृदयाच्या ऑपरेशनमधली औषधंसुद्धा. म्हणजे ज्याला "तुमचं नाव यादीत नाही, काळजी नको" सांगितलं त्यालाच परत फोन करायचा. पहिल्या फोनला फार ठाम बोललात की दुसऱ्या फोनला तोंड दाखवायला जागा राहत नाही.

सिस्टर_मंगळवारपेठ
आशाताईंनी काय सांगायचं ते लिहून मागितलंय म्हणून देते. आमच्या हॉस्पिटलात एका छोट्या प्रकरणात (बुरशीचं नव्हे, निर्जंतुक करायच्या मशीनचं होतं) पेशंटना परत बोलवायचं होतं तेव्हा हेच वापरलं, मी आणि अजून दोघी मिळून फोन केले. सुरुवातीला लोक फोन ठेवत होते. नंतर पहिलं वाक्य बदललं तेव्हा ऐकायला लागले.

"नमस्कार, मी अमुक हॉस्पिटलमधून सिस्टर बोलतेय. पैसे मागायला फोन केलेला नाही, कसलाही नंबर विचारणार नाही. खात्री करायची असेल तर तुमच्या फाईलवर हॉस्पिटलचा नंबर छापलाय त्यावर तुम्हीच लावा आणि मला मागा." इथं थांबायचं. त्यांना फाईल शोधू द्यायची.

मग नाव, वय, गाव त्यांच्याच तोंडून घ्यायचं, आपण सांगायचं नाही. दुसऱ्या कुणी उचलला तर नुसतं "त्यांना फोन करायला सांगा, तब्येतीची चौकशी आहे" एवढंच. सुनेला नाही, मुलाला नाही.

मग "तुम्हाला अमुक तारखेला जे इंजेक्शन दिलं त्या औषधात दोष असू शकतो असं कळलंय. तुम्हाला काही झालंय असं नाही. पण डोकं दुखणं, मान आखडणं, उजेड सहन न होणं, ताप, यातलं काहीही नवीन झालं तर त्याच दिवशी या, केसपेपरचे पैसे लागणार नाहीत." हे शेवटचं फार महत्त्वाचं. पैसे लागणार नाहीत म्हटलं की माणूस येतो. आणि "बुरशी" पहिल्या वाक्यात आणू नये, पण विचारलं तर लपवू पण नये.

शेवटी काय सांगितलं ते त्यांनाच परत म्हणायला लावायचं. एक आजोबा म्हणाले, "म्हणजे औषध चांगलं होतं, परत घ्यायला बोलावलंय."

आशाताई_कागल_तालुका
सिस्टर हे मी वहीत उतरवून घेतलं. आमच्या गटात पण टाकते. पण "दोष असू शकतो" म्हटल्यावर पहिला प्रश्न येणार "कुणी केलं?" त्याला काय सांगू?

सी_आर्म_वाला_डॉक्टर
ताई, "तपास चालू आहे, पण तुमची तपासणी त्यासाठी थांबणार नाही." जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं. डॉक्टरांचं नाव घेऊन बाजू घ्यायची नाही, माझं असलं तरी.

शाहूपुरीचा_फार्मासिस्ट
ज्यांना दुकानदार किंवा पेशंट म्हणून काही संशय आला, त्यांच्यासाठी औषधाच्या दुष्परिणामांची टोल फ्री लाईन आहे, १८००-१८०-३०२४. डॉक्टरच पाहिजे असं नाही, घरचा माणूसही कळवू शकतो. व्हायल फेकू नका, डब्यासकट ठेवा.

मी माझ्यापुरतं ठरवलंय की मणक्याची, सांध्याची, डोळ्यांची इंजेक्शनं गेली की बिलावर "कॅश" चालणार नाही, पेशंटचं नाव, गाव आणि पेशंटचाच नंबर. काउंटरवरचा पोरगा आत्ताच कुरकुरतोय की गर्दीत लोक भांडतात.

राजारामपुरी_गल्लीबोळ
भांडतीलच. मी पण भांडले असते. "कशाला पाहिजे नंबर, परत ऑफरचे मेसेज टाकाल" म्हणून. काउंटरवर पाटी लावा, का घेताय ते लिहा.

सिस्टर_मंगळवारपेठ
आणि हॉस्पिटलवाल्यांनो, व्हायलचं लेबल सोलून केसपेपरला लावा. सोलत नसेल तर मोबाईलनं फोटो काढा. ओटीतली पोरं दिवसभर रील बघतात, एक फोटो काढायला काय जातंय.

निपाणीकर
सिस्टर, तुमचं ते फोनवरचं बोलणं मी कन्नडमध्ये करून देतो, रविवारपर्यंत. आमच्या भागातल्या पेशंटला ते लागेल. फक्त "पैसे मागायला फोन केलेला नाही" हे मी दोनदा घालणार, एकदा सांगून आमच्याकडं कुणाला पटत नाही.